साल नसलेलं नाणं

लोक मला नाण्यांसाठी फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "शेठ, खूप जुनं आहे." मोबाइलवर एखादी रील पाहिलेली असते, घरातल्या नाण्याला लाखो मिळतात असं सांगणारी, आणि मग कपाटातला डबा उपसून झालेला असतो. मी विचारतो, "असं नाणं अजून किती जणांकडे असेल? आणि ज्यांच्याकडे नाही, त्यातल्या किती जणांना ते हवंय?" पलीकडचा माणूस म्हणतो, "पण जुनं आहे हो."

जुनं असून काय होतं? शिवराई घ्या. छत्रपतींच्या काळात पाडायला सुरुवात झाली, पेशवाई संपेपर्यंत पाडत राहिले. तांब्याचं नाणं, अंगावर इतिहास आहे, आणि तरी साधी शिवराई आजही मुठीने मिळते, कारण पाडलीच इतकी. उलट कालपरवा टांकसाळीतून निघालेलं एखादं नाणं असं असतं की त्याच्यासाठी माणसं विमानाने जातात. किती पाडली, त्यातली किती उरली, आणि किती जणांना हवी आहेत, या तीन गोष्टींत सगळा खेळ असतो. तिसरी गोष्ट सगळ्यात चंचल. ती माणसांच्या डोक्यात असते आणि माणसाचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. माझंही फिरायला लागत नाही.

मी हे कुठल्या पुस्तकात शिकलो नाही. कल्याणला मी भांड्यांची मोड घ्यायचो, दारोदार. फुटकी पितळी पातेली, तांब्याचे बंब, चेपलेले हंडे. त्या मोडीत परदेशी नाणी यायची. कुणाचा काका आखातात असायचा, कुणाचा मामा बोटीवर. बँक परदेशी नोट बदलून देते, नाणं बदलून देत नाही. मग ती नाणी घरात पोरांच्या खेळण्यांत जातात आणि शेवटी मोडीत. मी ती वेगळी काढायला लागलो. आज कोलशेतला माझं गोदाम आहे, तांबं-पितळेचाच धंदा आहे, डोंबिवलीत स्वतःचं घर आहे, आणि त्या घरातल्या एका कपाटात जगातल्या बहुतेक देशांची नाणी आहेत. बायको म्हणते, "एवढे देश घरात आहेत आणि तुम्ही मला अजून महाबळेश्वरच्या पुढे नेलं नाही."

घेताना माझा एक नियम आहे. भावाआधी भिंग काढायचं नाही. भिंग दिसलं की समोरच्याच्या मनात भाव दुप्पट होतो. डोळ्याने एकदा बघायचं, तोंड वाकडं करायचं आणि घासाघीस सुरू करायची. घासाघीस मी नेहमी करतो. गरज असो नसो करतो. भाजीवाल्याशी करतो, गाळ्याच्या भाड्याची करतो, डॉक्टरांच्या फीची केलेली आहे. ठाण्या-कल्याणच्या बाजारात मला त्यावरूनच ओळखतात.

आता त्या माणसाचं सांगतो.

ठाण्यात नाणी जमवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी एका शाळेच्या वर्गात जमतात. बहुतेक सगळे नोकरी करून निवृत्त झालेले, शिकलेले, हळू बोलणारे लोक. त्यांच्यात एक इंजिनिअर आहेत. सगळं मंडळ त्यांच्या शब्दावर चालायचं. मी पहिल्यांदा तिथे गेलो तो एक चांदीचं नाणं घेऊन गेलेलो. कल्याणच्या एका जुन्या घरातून मोडीबरोबर आलेलं. जर्मनांनी पूर्व आफ्रिकेसाठी पाडलेलं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेला त्यांचा सम्राट, दुसऱ्या बाजूला सिंह आणि ताडाचं झाड. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. म्हणून तर गेलेलो.

इंजिनिअरांनी ते तळहातावर घेतलं आणि लगेच परत केलं. "ही रुपी, म्हणजे त्यांचा रुपया, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भरपूर चालायची. आपल्याकडे पुष्कळ आली. चांदीच्या वजनाने मिळेल तेवढं घ्या." वर्गातली बाकीची माणसं हसली नाहीत, पण त्यांनी माना डोलावल्या, तेच मला जास्त लागलं. मागून एकाने विचारलं, "हे कुठे मिळालं तुम्हाला?" मी म्हटलं, "मोडीत." दुसरा म्हणाला, "अच्छा, भंगारात." त्यांनी शब्द बदलला. माझ्या लक्षात राहिला.

पुढच्याच आठवड्यात त्या मंडळातल्या एका माणसाने माझ्या गोदामात येऊन ते नाणं चांदीच्या वजनाने नेलं. मी दिलं. वर्षभराने मंडळाचं प्रदर्शन लागलं तेव्हा ते काचेखाली होतं. खाली चिठ्ठी होती, 'दोन रुपी, दुर्मीळ', आणि संग्राहक म्हणून इंजिनिअरांचं नाव. एक रुपी सगळीकडे सापडते. दोन रुपीचं मोठं नाणं फार थोडं पाडलं होतं. माझं ते दोनचं होतं.

मी प्रदर्शनातच ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इंजिनिअर एवढंच म्हणाले, "मी तुमच्याकडून घेतलेलं नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना त्यांनी मागितलेली किंमत दिली." मला सभासद करून घेतलं नाही ते वेगळंच.

माल घेताना मीही तोंड वाकडं करतो, ते मी वर लिहिलंच आहे. पण मी घेणारा असतो आणि समोरच्याला ते माहीत असतं. तो माणूस माझ्यासमोर घेणारा म्हणून बसला नव्हता. जाणकार म्हणून बसला होता. मी त्याला भाव विचारला नव्हता, खरं काय ते विचारलं होतं. हा फरक मी तेव्हापासून ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत, भेटेल त्याला सांगत आलो. इंजिनिअरांचं नाव घेऊन सांगत आलो. चोर हा शब्द वापरून सांगत आलो.

यंदा आमची गाठ देवीच्या दारात पडली.

घोडबंदर रोडपासून थोडं आत एक गावदेवीचं देऊळ आहे. एके काळी आजूबाजूला भातशेती आणि खाडीकडे मिठागरं होती. आता चारी बाजूंनी टॉवर आहेत. टॉवरमधली मंडळी कंपनीच्या कामाने परदेशी जातात, येताना खिशात चिल्लर घेऊन येतात, आणि ती कुठेच चालत नाही म्हणून देवीच्या पेटीत टाकतात. नवरात्राची गर्दी ओसरली की ट्रस्ट पेटीतली परदेशी नाणी एका गोणीत भरून किलोवर विकतो. ट्रस्टचं काम पाहणारे दादा इथल्याच जुन्या घरातले. आजोबा मिठागरावर मीठ ओढायचे, नातवाच्या जमिनीवर आता दोन टॉवर उभे आहेत. पण देवळाचे नियम दादा आजोबांच्या वेळच्यासारखेच कडक पाळतात.

नियम दोन. पहिला मुठीचा. गोणी उपसून बघायची नाही. बोली लावणाऱ्याने एकदाच हात घालायचा, एक मूठ काढायची, स्टीलच्या ताटात पसरून बघायची आणि परत गोणीत टाकायची. भिंग नाही, मोबाइल नाही. मग बोली.

दुसरा नियम देवीच्या एकाचा. बोली संपली की सगळी गोणी मोठ्या परातीत ओततात आणि जो शेवटपर्यंत टिकून हरला, तो त्यातलं एक नाणं उचलून पुन्हा पेटीत टाकतो. हरलेला माणूस देवीच्या दारातून रिकाम्या मनाने जाऊ नये म्हणून हा मान त्याचा. कुठलं उचलायचं हे त्याने ठरवायचं. ते नाणं पेटीत पडलं की सौदा पक्का. त्याआधी कुणीही बोली परत उघडू शकतो.

दरवर्षी मी आणि एकदोन भंगारवाले असायचो. यंदा गेलो तर सभामंडपात खुर्चीवर इंजिनिअर. पांढरा सदरा, डोळ्यांना सोन्याच्या काडीचा चष्मा.

"यांना कोणी बोलावलं?" मी दादांना विचारलं.

"कोनी बोलवाला कशाला लागतंय, शेठ? देवीचं दार हाय."

"मी इथे दरवर्षी येतो."

"मग काय तुमच्या नावाचा सातबारा हाय काय गोणीवर?" दादा म्हणाले आणि आत ओरडले, "ताट आना रे!"

बाकीचे भंगारवाले मूठ घालून, तांबं कमी आहे असं पुटपुटत बाजूला झाले. मग मी हात घातला.

नाण्यांच्या गोणीत हात घातला की थंड वाटतं, पाण्यात घातल्यासारखं. मूठ भरून ताटात सोडली. दिर्हम, सेंट, युरोची तांबूस चिल्लर, सिंगापूरची, मलेशियाची. आणि एक सात बाजूंचं छोटं नाणं. ब्रिटनचं वीस पेन्स.

वीस पेन्स मला प्रत्येक गोणीत भेटतं. सवयीने अंगठ्याने उलटवलं. एका बाजूला ढालीचा तुकडा, म्हणजे नवीन घडणीचं. दुसऱ्या बाजूला राणी. नवीन घडणीत साल राणीच्या बाजूला असतं. तिथे साल नव्हतं. परत उलटवलं. ढालीच्या बाजूलाही नव्हतं.

हे काय आहे ते वाचणाऱ्याला सांगायला हवं. पूर्वी वीस पेन्सवर साल मागच्या बाजूला असायचं. मग त्यांनी घडण बदलली आणि साल पुढे, राणीच्या बाजूला नेलं. तो बदल करताना टांकसाळीत एक चूक झाली. नाणं पाडायला दोन ठसे लागतात, वरचा आणि खालचा. कुणीतरी राणीचा जुना ठसा आणि ढालीचा नवा ठसा एकत्र लावला. दोन्हींवर साल नाही. चूक लक्षात येईपर्यंत ती नाणी बाजारात गेलेली होती. अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ती नाहीत. पण हवी असणारे त्याहून खूप जास्त आहेत, आणि आपल्याकडे ती मी कधी कुणाकडे पाहिलेली नव्हती. फसवणारे लोक साध्या नाण्यावरचं साल घासून काढतात, म्हणून मी साल असायला हवं त्या जागेवर नख फिरवलं. गुळगुळीत, घासल्याची खूण नाही, अक्षरांची मांडणीही जुन्या ठशाची. खरं होतं.

हे सगळं मनात व्हायला लागला असेल एक श्वास. मग मी ताट उचललं आणि मूठ परत गोणीत सोडली. चेहरा नेहमीसारखा ठेवला. म्हणजे मला वाटलं, ठेवला.

इंजिनिअरांनी त्यांची मूठ काढली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली आणि परत टाकली. त्यांच्या मुठीत काही नव्हतं हे मला दिसलं. बोली सुरू झाली.

दादांनी गेल्या वर्षीचा भाव सांगितला. मी म्हटलं, "ठीक आहे, त्याच्यावर बोला."

दादांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ठीक हाय? शेठ, तब्येत बरी हाय ना?"

तिथेच मी चुकलो. मी घासाघीस केली नाही. माती वजनात येते, निकेलला भाव नाही, पितळ अमुकच टक्के, असं मी दरवर्षी अर्धा तास बोलतो. या वेळी तोंडातून शब्दच निघाला नाही. सौदा लवकर उरकावा एवढंच डोक्यात होतं. आणि समोरच्या खुर्चीवरचा माणूस आयुष्यभर बारीक गोष्टी बघत आलेला.

इंजिनिअर म्हणाले, "त्याच्यावर मी आहे."

मी वर गेलो. ते वर आले. मी गेलो. परत आले. भंगारवाले एकमेकांकडे बघायला लागले, कारण त्या भावात वितळवायला काही अर्थ उरला नव्हता. इंजिनिअर माझ्याकडे बघतच बोली लावत होते, गोणीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. त्यांना गोणीत काय आहे ते माहीत नव्हतं. मला माहीत आहे, एवढंच त्यांना माहीत होतं.

शेवटी त्यांनी हात जोडले. "पुढे जाणं माझ्या पेन्शनच्या बाहेर आहे. घेऊ द्या यांना."

"देवी पावली बरं शेठ तुमाला," दादा म्हणाले. "परात आना!"

गोणी परातीत ओतली. तो आवाज सभामंडपात घुमला. इंजिनिअर खुर्ची ओढून परातीजवळ बसले, बाह्या सरसावल्या आणि हाताने नाणी पसरायला लागले. सावकाश. भाजी निवडायला बसल्यासारखे.

"सर, एकच उचलायचं हाय," दादा म्हणाले.

"हो, पण देवीला द्यायचं. नीट बघून नको का द्यायला?" त्यांनी एक मोठं अमेरिकन नाणं उचललं, माझ्यासमोर धरलं आणि माझ्या डोळ्यांत बघितलं. "हे देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

त्यांनी ते खाली ठेवलं. दुसरं उचललं. "हे?"

"तुमचा मान आहे. काय ते द्या आणि उठा."

तिसरं. चौथं. प्रत्येक नाणं ते माझ्या तोंडासमोर धरत होते आणि नाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. सात बाजूंचं नाणं त्यांच्या मनगटाजवळ, थाई नाण्यांच्या मधे पडलं होतं. मला ते दिसत होतं आणि तिकडे बघायचं नाही हे मी स्वतःला बजावत होतो. तोंड उघडून ते नको म्हटलं असतं तर बोली परत उघडली असती.

मग मी माझ्या स्वभावाचा उपयोग करायचं ठरवलं. चिडका म्हणून मी प्रसिद्ध आहे. त्यांनी दोन रंगांचं एक मोठं, चकचकीत नाणं उचललं, कसलंसं स्मारकाचं, किंमत काही नाही. मी ताडकन उठलो.

"ते नाही! ते ठेवा खाली! पैसे मी मोजणार आणि मोठमोठं तुम्ही उचलणार, ही कुठली पद्धत? दादा, सांगा यांना!"

"आता काय झालं?" दादा दचकून म्हणाले.

इंजिनिअरांनी ते नाणं उजेडात धरलं, हसले आणि पेटीकडे वळले. दोन पावलं टाकून ते थांबले. परत आले. ते चकचकीत नाणं त्यांनी परातीत टाकून दिलं.

"अहो, तुम्ही खरंच चिडता तेव्हा आधी गप्प होता," ते म्हणाले. "प्रदर्शनात काचेसमोर तुम्ही बराच वेळ गप्प उभे होतात. मग ओरडलात. मी पाहत होतो. आज बोलीच्या वेळी तुम्ही गप्प होतात. आत्ता एकदम ओरडलात."

मला काही बोलता आलं नाही. आणि ते गप्प राहणंही त्यांनी बघितलं. त्यांचा हात आता परातीवर फिरत होता आणि नजर माझ्यावर. हात थाई नाण्यांजवळ आला. मी श्वास सोडला नसावा, कारण हात तिथेच थांबला. त्यांनी वीस पेन्स उचललं. राणी. उलटवलं. ढाल. परत उलटवलं. मग चष्मा कपाळावर गेला आणि नाणं डोळ्यांच्या अगदी जवळ.

"अरे वा," ते एवढंच म्हणाले. पण त्या दोन शब्दांत काय होतं ते मला कळलं, कारण थोड्या वेळापूर्वी माझंही तेच झालं होतं.

"काय हाय त्यात?" दादांनी विचारलं.

"काही नाही. छोटं आहे, देवीला बरं." ते उठून पेटीपाशी गेले. मी मागोमाग गेलो. पेटीच्या फटीवर नाणं धरून ते हळू आवाजात म्हणाले, "बोली मला परत उघडता येते. दादांना हे काय आहे ते सांगितलं तर ते वेगळं विकतील. पण मला तसं काही करायचं नाही. मी दुसरं नाणं टाकतो. हे गोणीत राहू दे."

"मग टाका की दुसरं."

"एक वाक्य म्हणा. इथे, दादांसमोर. त्या जर्मन नाण्यात मी तुम्हाला फसवलं नाही, असं."

मी मागे वळून दादांकडे बघितलं.

"सगळीकडे मला चोर म्हणता," ते म्हणाले. "मंडळात लोक आता मला नाणं दाखवायला आणत नाहीत. आणलं तर हातात देत नाहीत, लांबून दाखवतात. मी सत्तरीच्या पुढे आहे हो. मला दुसरं काही येत नाही."

"त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं का? दोन रुपी आहे ते?"

"हातात क्षणभर होतं. मला एकच वाटली."

"मोठं नाणं होतं. तुम्ही इंजिनिअर आहात. मापं घेण्यात जन्म गेला तुमचा."

त्यांनी नजर पेटीकडे वळवली. नाणं फटीवर तसंच.

वाक्य लहान होतं. धंद्यात मी रोज याच्याहून मोठी खोटी वाक्यं बोलतो. माल मळका आहे, बाजार पडलाय, आज खिशात एवढेच आहेत. बोलायचं, नाणं खिशात घालायचं, आणि रिक्षात बसल्यावर पुन्हा चोर म्हणायला मी मोकळा होतो. इतका स्वस्त सौदा मला आयुष्यात कुणी दिलेला नव्हता. मी तोंड उघडलं. त्या वर्गातली डोलणारी डोकी दिसली. भंगारात, असं म्हणणारा दिसला. आणि ते काचेखालचं नाणं, माझ्या हातून गेलेलं, त्याखालचं दुसऱ्याचं नाव.

"टाका," मी म्हटलं.

"विचार करा. हे परत मिळायचं नाही."

"मला शिकवू नका. टाका."

त्यांनी टाकलं नाही. नाणं त्यांच्या दोन बोटांत घट्ट धरलेलं होतं. त्यांनाही ते टाकवत नव्हतं. असं नाणं त्यांनीही जन्मात कधी हातात धरलं नसणार.

"टाका म्हणतोय ना!" मी ओरडलो. या वेळी खरंच ओरडलो.

बोटं सुटली. आवाज आला नाही. सकाळपासून पेटीत नोटा पडलेल्या होत्या, त्यांच्यावर ते पडलं असणार.

"झाला बाबा एकदाचा सौदा," दादा म्हणाले. "एवढ्याशा नाण्यापायी का भांडताव रं? देवी काय खानार हाय काय ते?"

वजन झालं. मी काटा दोनदा तपासला, गोणीचं वजन वजा करायला लावलं, मातीचं वेगळं वजा करायला लावलं. दादा म्हणाले, "हां, आता तब्येत बरी झाली." इंजिनिअर सभामंडपाच्या पायरीवर बसून चप्पल घालत होते. मी शेजारून उतरलो.

"एक वाक्य होतं फक्त," ते मान खाली घालूनच म्हणाले.

"मग तुम्ही म्हणायचं होतं. माहीत होतं, असं."

ते चपलेचा पट्टा ओढत राहिले. मी गोणी टेम्पोत टाकली.

घोडबंदर रोडला नेहमीसारखी गाडीला गाडी लागलेली. मेट्रोच्या खांबांखाली टेम्पो उभा तो उभाच. मी ड्रायव्हरवर ओरडलो, पुढच्या बसवर ओरडलो. गोदामात गोणी ओतून एकेक नाणं चाळलं. सांगण्यासारखं काही नव्हतं. वितळवायच्या भावात घेतलं असतं तर परवडलं असतं. रात्री बायकोने विचारलं, "काय मिळालं आज?" मी म्हटलं, "चिल्लर." तिने ताट वाढायला घेतलं.

तीन-चार दिवस मी तसाच होतो. कुणी मला नाण्याबद्दल विचारलं की वाटायचं, तो सगळा प्रकार सांगून टाकावा. पण सांगायचा म्हणजे वाक्य म्हणायला नकार दिल्याचंही सांगायला लागणार, आणि मग लोक विचारणार, का नाही म्हणालास? त्याचं उत्तर मला पटतं. दुसऱ्याला पटेल का, माहीत नाही.

शेवटी मी दादांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो, टॉवरच्या पाण्याचं विचारलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "दादा, ही परदेशी चिल्लर वर्षभर पेटीत ठेवून काय करता? दिवाळीनंतर एकदा उघडून टाका की. मी येतो, भाव चांगला देतो."

दादा इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरायला लागला.

"काय झालं?"

"शेठ, सकाळीच सरांचा फोन आलेला. हेच विचारत हुते. दिवाळीनंतर पेटी उघडा म्हंतात, मी येतो, भाव चांगला देतो. तुमी दोघं एकत्र बसून फोन लावता काय मना?"





"त्यांना काय सांगितलंत?"

"सांगितलं, नियम तो नियम. पुढल्या वर्षी नवरात्र झाल्यावर या. दोघं या. मूठ घाला."

"आणि तो हरला तर देवीचं एक परत तोच उचलणार?"

"हरल्यावर त्याचा मान. तुमी हरलात तर तुमचा." मग दादांनी हळूच विचारलं, "शेठ, पन त्या नाण्यात हाय तरी काय?"

मी म्हटलं, "काही नाही, दादा. त्यावर साल पण नाही. तुमच्या काय कामाचं?"

दादांच्या टॉवरखालच्या जमिनीचा सौदा मी ऐकून आहे. बिल्डरला त्यांनी पाच वर्षं पायऱ्या झिजवायला लावलेलं.

"असं काय?" दादा म्हणाले. "सर पन हेच म्हनाले."